रस्त्यापलीकडचं मत

"अहो, मत देऊन आलात ना? मग आता खुर्ची-खिडकी, खिडकी-खुर्ची काय लावलंय?" मारुसियाचे हात वारेनिकीच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या पिठात होते आणि नवरा सारखा मध्ये कडमडत होता.

"हाल्वरचा ट्रक अजून अंगणातच आहे," वासिल रस्त्यापलीकडच्या घराकडे बघत म्हणाला.

"असू दे की! तुमची पहारेदारी संपली आता."

संपली होती खरी. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नकाशावर सॉल्टग्रास मतदारसंघ उमटला, तेव्हा वासिलचे आजोबा मातीच्या छपराखाली राहत होते. पुढे शाळा बंद पडली, रेल्वे गेली, धान्याची उंच कोठारंही पाडली. सॉल्टग्रास मात्र टिकून राहिला. दर निवडणुकीआधी आमदार हॉलमधल्या टर्कीच्या जेवणाला यायचा, रस्ता डांबरी करतो म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा. रस्ता खडीचाच राहिला.

त्या रस्त्याच्या अलीकडे वासिल होलोवाच, पक्का डावा. पलीकडे हाल्वर निगार्ड, हाडाचा उजवा. तरुणपणी एकदा निवडणूक ऐन पेरणीत आली. ट्रॅक्टर सोडून हॉलपर्यंत कोण जाणार? वासिल कुंपणावरून ओरडला, "तू जाऊ नकोस, मीही जात नाही. तुझं-माझं कटलं!" असले सौदे त्या भागात बरेच शेजारी करत. पण या दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. दिवसभर समोरासमोरच्या शेतांत ट्रॅक्टर हाकताना दोघांचेही डोळे रस्त्यावर. संध्याकाळी खात्री हवी म्हणून मतदान संपेपर्यंत हाल्वरच्या ओसरीत गुरकावत बसले. पुढच्या निवडणुकीला कॉफी आली, त्याच्या पुढच्या वेळी पत्ते. आमदार आले नि गेले. या दोघांनी कुणालाच मत दिलं नाही. हाल्वर विधुर झाल्यावर तर तो वर्षानुवर्षं त्या दिवसाची वाट बघायचा.

आणि आता राजधानीतल्या शहाण्यांनी सॉल्टग्रासचे दोन तुकडे केले, तेही नेमके त्या खडीच्या रस्त्यावरून. वासिल एका मतदारसंघात, हाल्वर दुसऱ्यात. आता कुणाचं मत कुणाला कापणार? वासिल सकाळी जाऊन मत देऊन आला. चुटकीसरशी झालं, आणि उरलेला दिवस खायला उठला.

शेवटी त्यानं टोपी चढवली आणि रस्ता ओलांडला.

हाल्वर स्वयंपाकघरात बसला होता. "आलास देऊन?"

"आलो. तू?"

"बघू."

"बघू काय? तुमच्याकडे चुरस आहे म्हणे. का रे, रुसलास? न विचारता गेलो म्हणून?"

"रुसायला मी तुझी बायको आहे का?" हाल्वर कॉफी ओतायला उठला. धार कपाच्या बाहेर पडली आणि टेबलावरून ओघळून वासिलच्या मांडीवर आली. हाल्वर मात्र ओततच होता.

वासिलनं त्याचं मनगट धरलं. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," किटली खाली ठेवत हाल्वर म्हणाला. "मधलं सगळं पुसलं गेलंय. कडेकडेचं तेवढं दिसतं."

"आणि मला बोलला नाहीस, गाढवा!"

"काय बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला जाऊ आणि चारचौघांत कागद नाकाला लावू? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. इतकी वर्षं बसलोच की."

वासिलच्या मनात आलंच, बसू दे. उजव्यांचं एक मत कमी. पण त्या विचाराची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

"ऊठ. कोट घाल."

हाल्वरकडच्या हॉलमध्ये टेबलाशी बसलेली मुलगी समजूतदार होती. हाल्वरच्या डोळ्यांचं कळल्यावर ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वतीनं घरचं माणूस नाहीतर मित्र खूण करू शकतो. त्यांना शपथ घ्यावी लागेल. हे कोण तुमचे?"

"हा? हा डावा आहे," हाल्वर मोठ्यानं म्हणाला. रांगेतली माणसं हसली.

मुलगी गोंधळली. "मग दुसरं कुणी बोलावू का?"

"नको. हाच."

वासिलनं शपथ घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हाल्वरनं कानात नाव सांगितलं. ज्या पक्षाला वासिलनं उभा जन्म शिव्या घातल्या, त्याचंच. पेन्सिल हातात जड झाली. दात-ओठ खाऊन त्यानं फुली मारली, पहिलीची मुलं काढतात तशी ठसठशीत, चौकटीच्या आत. कागद दुमडून हाल्वरच्या हातात दिला. हाल्वरनं बोटांनी चाचपत पेटीची फट शोधली आणि कागद आत सोडला.

ट्रकमध्ये बसल्यावर वासिल बराच वेळ वाट बघत राहिला. मग त्याच्यानं राहवेना.

"विचारणार नाहीस?"

"काय?"

"फुली कुठे मारली ते."

"तू मारलीस ना?" हाल्वर म्हणाला. "मग झालं."

तो सीटचा पट्टा चाचपडत होता. वासिलनं वाकून तो लावून दिला. मग इंजिन सुरू केलं, पण समोरचा रस्ता नीट दिसेपर्यंत त्याला जरा थांबावं लागलं.