राऊलच्या मुलाची साक्ष

तो मुलगा सात महिन्यांचाही नव्हता आणि वेदीपुढे स्वतःच्या पायांवर उभा होता, हे टाइप करता करता माझ्या लक्षात आलं.

आमची सिदोनी सात महिने चार दिवसांची. उशीचा टेकू काढला की डावीकडे कलंडते. तिच्या आरोग्य-पुस्तिकेत ‘आधाराशिवाय बसते’ या ओळीपुढची चौकट मी रोज बघते आणि रोज रिकामी ठेवते. तिच्याच वयाचा हा गिल्बेर, १०६१ सालचा, उभा राहून बोलतही होता. क्षणभर मला त्या पोराचा चक्क हेवा वाटला. मग मी टाइप करायची थांबले, मागची पानं काढली आणि बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले.

कागद माझ्या सासऱ्यांचे, आन्सेल्म यांचे. ते गुरांचे डॉक्टर होते. व्होक्रेलच्या खोऱ्यात अशी एक गाय नसेल जिच्या आजीचं बाळंतपण त्यांनी केलं नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र ते राऊल द व्होक्रेल या आमच्या जुन्या सरदाराच्या मागे लागले होते. रविवारी तीन वाजता गावच्या कचेरीच्या सभागृहात त्यांचं भाषण होतं आणि भाषणानंतर चॅपेलच्या भिंतीवरच्या पाटीचं अनावरण. ‘राऊल येथून हद्दपार झाला’ असं कोरून ती पाटी तयारही झाली होती. आन्सेल्म एक्याऐंशीचे. “यानंतर भाषण नाही,” असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. कॉलेजात मी इतिहास शिकले, म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडे.

त्यांची सगळी मांडणी मठाच्या एका दानपत्रावर उभी होती. ड्यूकने फितुरीच्या संशयावरून राऊलला देशाबाहेर काढलं. निघण्याआधी, ईस्टरच्या दिवशी, त्याने आपलं सगळं खोरं मठाला दिलं. त्या काळी लिहिणं-वाचणं थोड्यांनाच येई, म्हणून जमिनीच्या व्यवहाराला एखादं लहान मूल साक्षीला उभं करत आणि सगळ्यांदेखत त्याला एक थप्पड देत. म्हातारपणीही त्याला तो दिवस आठवला पाहिजे! राऊलने स्वतःचा एकुलता एक मुलगा उभा केला. दानपत्र म्हणतं, गिल्बेरने जमीन दिल्याची खूण म्हणून हातमोजा वेदीवर ठेवला, थप्पड खाल्ली आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘आठवेल.’ ही ओळ आन्सेल्म दर वेळी दोनदा वाचायचे.

निवृत्त नोटरी ओदील तेनिएर यांना हे दानपत्र खोटं वाटायचं. एकोणीस वर्षं दर गुरुवारी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन तसं सांगत. मोहोर त्या काळची नाही, ड्यूकची पदवी नंतरची आहे, आणखी काय काय. “नक्कल उतरवणाऱ्याची चूक,” आन्सेल्म म्हणत आणि त्यांच्या पेल्यात सफरचंदाची सीडर ओतत.

पण माझ्यासमोर आन्सेल्म यांनीच उतरवून ठेवलेलं दुसरं एक पान होतं. मठाच्या नवसांच्या वहीतलं, आदल्या डिसेंबरचं. ‘यंदा सेंट मायकेलच्या सणाला जन्मलेला आपला एकुलता एक मुलगा गिल्बेर खोकल्याने बेजार, म्हणून राऊलने त्याच्या वजनाइतकं मेण दिलं.’ सेंट मायकेलचा सण सप्टेंबरअखेर. ईस्टर एप्रिलमध्ये.

दानपत्राचं पान अकरावं, हे चौतिसावं. ती शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचलीच नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी दोन्ही पानं घेऊन खाली आले. आन्सेल्म सुपासाठी लीकची कांद्यासारखी पात चिरत होते आणि सिदोनी त्यांच्यासमोर उंच खुर्चीत उशांमध्ये खोचलेली होती. न सांगण्याचा विचार मी दोन रात्री केला होता. पण ओदीलबाईंच्या हाती हे कधीतरी लागलं असतं, आणि तेव्हा कदाचित आन्सेल्मना उत्तर द्यायलाही जमलं नसतं.

“आन्सेल्म, तुमचा गिल्बेर थप्पड खाताना साडेसहा महिन्यांचा होता.”

“बरं मग?”

“साडेसहा महिन्यांचं मूल उभं राहत नाही.”

“का नाही राहत?” त्यांनी सुरी खाली ठेवली. “वासरू तासाभरात उभं राहतं. हजारो पाहिलीत मी.”

“वासरू!”

“शिंगरू तर त्याहून लवकर.”

“आणि बोलतं? ‘आठवेल’ म्हणतं?”

ते चिडले. “कॉलेजात हेच शिकवलं का तुम्हाला? एक मूल झालं की बायकांना सगळंच कळायला लागतं!”

“बरं, तुमच्या मुलाचं सांगा. बास्तियां कधी उभा राहिला?”

“मला काय ठाऊक? मी…” ते खिडकीबाहेर बघू लागले. “त्या वर्षी गुरांमध्ये साथ होती. मी घरी यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा. एके दिवशी आलो तर चालत होता.”

मी उगाच लीकचे तुकडे गोळा करू लागले.

आन्सेल्मनी हात पुसले. सिदोनीला उचललं, टेबलावर उभं केलं, काखेत दोन्ही हात धरून. “चला, मादमोझेल. साक्ष द्या. खोरं कुणाला दिलं?” त्यांनी पकड जराशी सैल केली. तिचे गुडघे लगेच दुमडले, ती हसत खाली बसली, पुढे लवंडली आणि मी टेबलावर ठेवलेलं अकरावं पान तिने तोंडात घातलं.

“धरा, धरा तिला!” मी ओरडले.

“धरलंय.” त्यांनी ओलं पान हळूच सोडवून घेतलं, बाहीने पुसलं आणि पुन्हा वाचलं. “गाढव,” ते म्हणाले. मला वाटलं मला म्हणताहेत. “तो साधू. लिहिणारा. जन्मात कधी मूल कडेवर घेतलं नाही त्याने. मठात गाई असणार नुसत्या.”

“आन्सेल्म, अजून दोन दिवस आहेत. भाषण पुढे ढकलू या का?”

“ओदीलने रविवारच्या खिरीची तयारी सुरू केली असेल. ती पुढे ढकलता येत नाही.”

रविवारी सभागृह भरलं होतं. दालचिनी घातलेल्या, पाच तास भट्टीत ठेवलेल्या खिरीचं मातीचं भांडं मागच्या टेबलावर. मी दाराजवळ बसले, सिदोनी रडली तर बाहेर पडता यावं म्हणून. आन्सेल्मनी भाषण नेहमीसारखं सुरू केलं. ईस्टरपर्यंत आले, हातमोज्यापर्यंत आले. मग थांबले आणि चष्मा काढला.

“मादाम तेनिएर, हे दानपत्र खोटं आहे.”

कुणीतरी खोकलं. ओदीलबाई ताठ बसल्या. “मोहोर बघितलीत शेवटी?”

“मोहोर नाही. मोहरेबद्दल मी अजूनही तुमचं ऐकत नाही. माझ्या सुनेने पकडलं. क्लेमांसने.” आणि त्यांनी दोन्ही पानं वाचून दाखवली. आपण त्या मुलाला वासरू समजत आलो, हेही सांगितलं. लोक हसले; हसू ओसरेपर्यंत आन्सेल्म थांबले.

“म्हणजे जमीन मठाने लाटली,” पहिल्या रांगेतून पाववाला म्हणाला.

“लाटलीही असेल, विकतही घेतली असेल.”

“आणि हद्दपारी?”

“ती फक्त याच कागदात आहे. झालीही असेल, नसेलही.”

“अहो, पण पाटी तयार आहे!” सरपंचबाई कळवळून म्हणाल्या.

“तयार आहे, खरंय. लावू नका.”

ओदीलबाई उठल्या. मला वाटलं, आता एकोणीस वर्षांचं उट्टं काढणार. पण त्यांचा चेहरा उतरला होता. “मग आता दर गुरुवारी मी काय करू?” त्यांनी विचारलं, आणि मग जरा रागाने, “तुमच्याकडे उरलं तरी काय, आन्सेल्म?”

त्यांनी चौतिसावं पान वर धरलं. “हे. याबद्दल कुणाचं भांडण नाही. राऊलला मुलगा झाला. मुलगा खोकत होता. त्याने पोराला तराजूत घातलं आणि तेवढं मेण घेऊन मठात गेला. डिसेंबरात, या खोऱ्यातल्या चिखलातून. त्याचा ड्यूकशी काय तंटा होता, मला माहीत नाही. पण त्या दिवशी तो घरी होता.”

एवढं बोलून ते खाली बसले.

“किती भरलं मेण?” ओदीलबाईंनी विचारलं.

“आकडा पुसट आहे. नऊ पौंड असावं.”

“तीन महिन्यांच्या मुलाचं नऊ पौंड? कमी आहे. तुम्ही नीट वाचलं नसणार.”

“मग तुम्ही या वाचायला.”

“येते. गुरुवारी. भिंग घेऊन.”

खीर वाढायला सुरुवात झाली. आन्सेल्म माझ्याकडे आले, सिदोनीला माझ्या मांडीवरून घेतलं आणि स्वतःच्या कोटाची घडी तिच्या पाठीमागे लावून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी हात पुढे केला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “मी इथेच आहे. तुम्ही खाऊन घ्या.”