न सापडलेला बिघाड

बॉनेट धाडकन उघडून दाजींनी इंजिनाकडे बोट दाखवलं.

"ऐक. का कानही गेलेत?"

मेकॅनिकने ऐकलं. गाडी जागेवर उभी होती आणि इंजिन आपोआप चढत होतं, उतरत होतं, गचका देऊन बंद पडायला येत होतं आणि कसंबसं सावरत होतं. टर्बोची झोकदार गाडी, पण आवाज दम लागलेल्या म्हाताऱ्याचा.

"पिकअप?" त्याने विचारलं.

"पिकअप असता तर तुझ्या दारात आलो असतो? दोन गॅरेजं झाली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने थ्रॉटल खोलून साफ केला. चार दिवस बरी चालली, की पुन्हा तेच. तुझी बहीण इथे नको म्हणत होती. मीच म्हटलं, बघू तरी, सासरेबुवांनी पोराला काही शिकवलंय का नुसतंच पोसलंय."

थोरली बहीण पुढच्या सीटवर समोर बघत बसली होती. दोन वर्षांनी ती वडिलांच्या गॅरेजात आली होती आणि भावाला तिने साधी ओळखही दाखवली नव्हती.

वडील गेले त्याच आठवड्यात दाजींनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, की आता इथे टाळं लावा, या पोराच्या हातात पाना शोभत नाही. शब्दाने शब्द वाढला, मेकॅनिकने त्यांची कॉलर धरली, आणि तेव्हापासून येणं-जाणं बंद. त्या दिवसापासून त्याची एकच इच्छा होती: या माणसाने एकदा तरी याच दारात, लोकांदेखत मान खाली घालावी. आणि आज हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

"तासाभरात सापडेल," तो म्हणाला. "आणि सापडला की सगळ्यांसमोर सांगायचं, कुणी शोधला ते."

"नाही सापडला तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

"ऐकलंत ना?" दाजींनी बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना विचारलं. शेजारचा टायरवालाही हातातलं काम टाकून दारात आला होता. फुकटचा तमाशा कोण सोडतो? तेवढ्यात दाजींचा फोन वाजला आणि ऑफिसातल्या कुणाला तरी फैलावर घेत ते फाटकाकडे गेले.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. इंजिनात कुठून तरी जास्तीची हवा शिरत होती. मग त्याने इंजिन बंद केलं, धुराच्या यंत्राची नळी जोडली आणि हवेच्या वाटेत धूर सोडला. थोड्याच वेळात टर्बोकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपच्या टोकाशी, पार खालच्या सांदीत, धुराचा बारीक धागा निघाला. पाइप आवळून धरणारी क्लिप ढिली होती. बस, एवढंच. त्याला हसू आलं. एक स्क्रू आवळायचा आणि दाजींना हाक मारायची.

त्याने बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं आणि त्याचा हात थांबला. स्क्रूची खाच चेचलेली होती आणि भोवती ताजे, चकचकीत ओरखडे होते. हादऱ्यांनी क्लिप ढिली होते, पण हादरे ओरखडे काढत नाहीत. कुणीतरी सुरीसारख्या कशाने तरी ती पुन्हा पुन्हा ढिली केली होती. आणि अगदी बेताची. पाइप निसटू नये, पण रेस दिली की टर्बोची हवा मात्र तिथून सुटावी. थ्रॉटल साफ करणाऱ्याने हाच पाइप काढून परत घट्ट बसवला असणार. म्हणून ते चार दिवस.

दाजींचं वाईट चिंतणारा आपल्याखेरीज आणखी कुणी आहे हे कळून त्याला आधी बरंच वाटलं. मग त्याने मान वर केली. बॉनेटखालच्या फटीतून बहीण त्याच्या हाताकडे बघत होती. वडिलांचा हात जिथे पोचत नसे, तिथे ते तिला बोलवायचे. तिची बोटं बारीक.

तो तिच्या खिडकीशी गेला.

"ताई, तू?"

"हळू बोल."

"कशासाठी?"

"भांडण झालं की मला गाडीत बसवतात. लेकीलाही, छोटीला. आणि मोकळ्या रस्त्याला लागून सुसाट सोडतात. मी ओरडले की आणखी जोरात." ती फाटकाकडे बघत बोलत होती. "मागच्या खेपेला छोटी सीटखाली जाऊन बसली. आता दारं आपटतात, शिव्या देतात, पण गाडी पळत नाही."

तो फाटकाकडे वळला. त्याच्या हातात पाना होता.

"थांब," ती म्हणाली. "तू कॉलर धरलीस, ते घरी कुणी भोगलं?"

त्याने पाना खाली ठेवला.

"मग जाऊच नकोस. इथेच राहा," तो म्हणाला.

"छोटी शाळेत आहे. शाळेतून तिला हेच आणतात. मला थोडे दिवस हवेत, मी सोय बघतेय."

"मला सांगायचंस तरी."

"तुला?" तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुला त्यांना हरवायचंय. मला तिथून निघायचंय."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं तो स्वतःचाच अपमान कुरवाळत बसला होता. त्याने टेबलाच्या खणातून एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हर काढला, फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला.

"सुरीने खाच झिजते. आणि पाव फेऱ्याहून जास्त नको, पाइप निसटेल."

तिने तो पर्समध्ये टाकला. क्लिपला त्याने हातही लावला नाही. नळी काढून यंत्र बाजूला सारेपर्यंत दाजी परत आले.

"काय, सापडला?"

गिऱ्हाइकं मान लांब करून बघत होती. एक बोट दाखवायचा अवकाश होता.

"नाही."

"मोठ्याने सांग, लोक थांबलेत."

"नाही सापडला. मला नाही जमलं."

दाजी खुशीत हसले. मग त्यांनी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. तीवर वडिलांचं नाव होतं.

"मग ती उतरव. कशाला त्यांचं नाव घालवतोस? मी म्हणेन ते, असंच ठरलं होतं ना?"

बहिणीने डोळे मिटले होते. मेकॅनिकने शिडी आणून भिंतीला लावली.

"अरे, खरंच उतरवतोयस?" टायरवाल्याने विचारलं.

"खालून धर," तो म्हणाला आणि वर चढला.

गाडी चढत-उतरत, आचके देत फाटकाबाहेर पडली. दाजी रेस वाढवत होते आणि ती जेमतेम सरकत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. शिडीवरून त्याला सगळं दिसत होतं. गाडी वळली, तेव्हा त्याने पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला.