माडाच्या खोडातला निकोलस

पाचूबंदरच्या वाळूत एक वठलेला माड उभा होता. शेंड्यावर वीज पडलेली, नुसतं खोड उरलेलं. १९९८च्या फेब्रुवारीत त्या खोडापुढे रोज सकाळी शंभर-दीडशे माणसं हात जोडून बसू लागली. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तीच माणसं इथे येत. दर्याबाबा म्हणवणारा एक इसम काठीनं खोडावर ठोके मारी आणि वरून उत्तर येई, टर्रर्रर्र.

"मान खाली, डोळे बंद," बाबा बजावी. "दर्यानं गिळलेला जीव या खोडात उभा आहे. वर बघेल तो आंधळा होईल." एवढा मोठा दर्या सोडून जीव वठलेल्या माडात कशाला शिरेल, हे विचारायची सोय नव्हती.

सगळ्यांत पुढे क्लारामावशी बसत. त्यांचा मुलगा निकोलस ऑगस्टच्या वादळात बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. बंदरात शिरताना बोटीच्या फळीवर काठीनं भराभर ठोके द्यायची त्याची सवय होती. ते ऐकून मावशी मासळीची पाटी घेऊन धक्क्यावर निघत. खोडातला आवाज हुबेहूब तसाच होता. बाबाला वेगळं काही पटवावंच लागलं नाही.

मावशींना साखरेचा आजार. शिंपला लागून पायाला जखम झाली होती, ती चिघळून बोटं काळी पडत चालली होती. पण एक सकाळ चुकली तर पोराचा आवाज कायमचा बंद होईल, असं बाबानं सांगून ठेवलेलं. मावशींची मुलगी पॉलिन माझ्याच शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "सर, डॉक्टर सांगतात उशीर केला तर पाय कापावा लागेल. आय हॉस्पिटलात यायला तयारच नाही."

मी विज्ञान शिकवतो आणि फावल्या वेळात पक्ष्यांचे फोटो काढतो. लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन तीन सकाळी शेजारच्या गच्चीवर बसलो. रोल धुऊन आला. खोडाच्या दर्याकडच्या अंगाला एक पक्षी चिकटला होता. सोनेरी पाठ, काळा-पांढरा गळा, लाल तुरा. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं, सोनपाठी सुतार. तुरा कपाळापासून लाल, म्हणजे नर. काठीचा ठोका ऐकून, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चोचीनं खोड बडवत होता.

मधल्या सकाळी खोड गप्प राहिलं होतं. तेव्हा "कुणी पापी येऊन बसलाय" म्हणत बाबानं कोंबडा मागून घेतला. त्या सकाळच्या फोटोत शेजारच्या सुरूच्या झाडावर शिक्रा दिसत होता. राखी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळा लाल. त्या शिकाऱ्याला भिऊन सुतार गप्प होता.

दुसऱ्या दिवशी मी फोटो वाटले आणि स्वतः खोडावर ठोकलं. उत्तर आलं.

"मी निकोलसचा कुणी नाही," मी म्हणालो. "मग मला जवाब का दिला? मान वर करून बघा."

माणसं वर बघू लागली. सुतार खोडाआडून डोकावला. कुणी आंधळं झालं नाही.

"आत्म्यानं पाखराचं रूप घेतलंय," बाबा पुटपुटला.

"मग कोंबडा कोनी खाल्ला, पाखरानं?" पीटर नाखव्यानं विचारलं. लोक हसले. दुपारपर्यंत बाबा बंदरातून पसार झाला.

मावशी हसल्या नाहीत. फोटो मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मग माजा निकोलस कुठंय, मास्तर?"

"तो गेला, मावशी. ऑगस्टमध्येच."

मग हॉस्पिटलात जायला म्हणून त्यांनी पॉलिनचा हात धरला.

पाय वाचला नाही, घोट्याच्या वर कापावा लागला. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर एका बोटावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "पायाचं काय नाय. रोज सकाळी वाटायचं, पोरगा आला." मला रडू आवरलं नाही.

चमत्कार दाखवताना जो डोळे मिटायला लावतो, तो काहीतरी लपवतो आहे हे ओळखा. डोळे उघडे ठेवा, प्रश्न विचारा. आणि खरं ठाऊक असेल तर लगेच सांगा. तो आवाज मी पहिल्याच आठवड्यात धक्क्यावरून ऐकला होता. सुतार असावा हेही ओळखलं होतं. लोकांचं लोक बघतील म्हणून मी तीन आठवडे गप्प बसलो, आणि मावशींचा पाय त्या तीन आठवड्यांत गेला.