काकांचा नकाशा

बंदराच्या बेटावरची पत्र्याची गल्ली पाडायचं ठरलं, तरी काकूंनी घरातलं एक भांडं हलवलं नाही. जुन्या सरकारी नकाशात ज्याचं घर दिसेल त्याला बदली घर मिळणार होतं, आणि तो नकाशा काढला होता खुद्द त्यांच्या नवऱ्याने, नकाशा कचेरीत नोकरीला असताना, याच गल्लीत राहून. मग काय! काकांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं काकू दारोदार सांगत सुटल्या. गल्लीही निर्धास्त झाली. काका तेवढे गप्प असत, पण ते कधी बोलघेवडे होते?

सुनावणीला पुनर्वसन खात्याच्या साहेबबाईंनी नकाशा टेबलावर पसरला. काका कौतुकाने बोट फिरवू लागले. ही गोदी, या तेलाच्या टाक्या, ही कारखान्याची चिमणी, हा मॅनेजरचा बंगला, आणि मागे हे त्याच्या कुत्र्याचं घर. बंगल्यापलीकडे, जिथे गल्ली असायला हवी, तिथे दलदलीच्या बारीक निळ्या रेघा होत्या.

"आपलं घर कुठाय?" काकूंनी विचारलं.

"पत्र्याचं ते कच्चं. कच्चं नकाशात काढायचं नाही, असा कचेरीचा नियम होता."

"आणि कुत्र्याचं?"

"त्यावर कौलं होती."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या घरातून हा माणूस रोज डबा घेऊन निघायचा, तेच घर कचेरीत बसून दलदलीत घालायचा! आणि इतकी वर्षं तोंडातून चकार शब्द नाही.

साहेबबाई भल्या होत्या. "आजोबा, गल्ली तेव्हाही होती, नकाशात चूक राहिलीय, एवढं लिहून द्या. मला फेरतपासणी मागता येईल."

काकूंनी पेन उचलून काकांच्या हातात कोंबलं.

काका ताठ झाले. "चूक? माझी एक रेघ कधी कुणाला खोडावी लागली नाही, बाई."

"अहो, सगळी गल्ली रस्त्यावर येईल!"

"नियमाप्रमाणे काढलाय. चुकीचा कसा म्हणू?" काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते नीट जागेवर ठेवलं.

बाहेर अख्खी गल्ली ताटकळत उभी होती. शेजारीण पुढे धावली. "काकू, सापडली ना घरं?"

काकूंनी मागून येणाऱ्या नवऱ्याकडे बोट केलं. "यांना विचार. नकाशा बरोबर आहे म्हणतात."