चाकं मुखरूची, सांगाडा लहानूचा

वडील गेल्यावर दोघा भावांत शेत वाटलं गेलं, भांडीकुंडी वाटली गेली आणि सायकलीपाशी येऊन सगळं अडलं. ती लहानूला हवी होती, मुखरूलाही हवी होती. चार लोकांनी समजावून पाहिलं, पण दोघंही इरेला पेटलेले. शेवटी मुखरू रागानं म्हणाला, "मंग करा दोन तुकडे!" आणि या शहाण्यांनी खरंच केले की! चाकं थोरल्या मुखरूला, सांगाडा धाकट्या लहानूला. सायकल कोणालाच मिळाली नाही. सिंदेवाहीकडची माणसं ही गोष्ट सांगून अजून हसतात. भाऊ मात्र तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

यंदा त्यांच्या आईनं, बायनाबाईनं, पेच टाकला. नवरा होता तोवर दर ऑक्टोबरात ती चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायची. जंगलातल्या वाटेनं नवरा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून फाट्यापर्यंत न्यायचा, तिथून दोघं बस धरायचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. लहानूच्या मोटरसायकलवरून ती एकदा पडली आणि मग त्या फटफटीचं नावही काढू देईना.

"डोळे मिटाच्या आंधी एकडाव जाऊन येतो म्हणलं," ती लहानूला म्हणाली. "पण जाईन त तुह्या बापाच्या सायकलवर."

"माय, चाकं त भाऊपाशी हायेत ना!"

"मंग जा भाऊपाशी."

लहानूनं आधी जाणं जमेल तितकं टाळलं. गोठ्यातला सांगाडा काढून घासला, चेन डिझेलमध्ये भिजवली, ब्रेकला नवे रबर बसवले, टायर-ट्यूब आणून ठेवले. आता करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नाइलाजानं तो भावाच्या दारात गेला. चाकं गंजून गेली असतील, त्यांवर कोंबड्या बसत असतील, अशी त्याची खात्री होती. मनातल्या मनात त्यानं भांडणाची तयारीही केली होती.

मुखरूनं सगळं ऐकून घेतलं आणि आढ्याकडे बोट केलं. तिथं दोन्ही चाकं पोत्यात गुंडाळून टांगलेली होती. लहानूनं पोतं सोडलं. गंजाचा ठिपका नाही! बोट फिरवलं तर चिकट लागलं. टोळीचं तेल, मोहाच्या बियांचं, इकडे घरोघरी असतं ते.

"दरसाल पाजतो," मुखरू दुसरीकडे बघत म्हणाला. "बाबा पाजे ना."

लहानूला भरून आलं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं मागचं चाक फिरवून पाहिलं, तर ते जागचं हलेना. वर्षानुवर्षांचं तेल आत थिजून मेणासारखं बसलं होतं.

"तेल पाजू पाजू जाम करून टाकलं ना भाऊ!"

मुखरूला हसू फुटलं आणि लहानूलाही. मग लहानू घरून सांगाडा आणि टायर-ट्यूब घेऊन आला आणि दोघं मुखरूच्या अंगणात बसले. आस उघडला, छर्रे डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं, टायर-ट्यूब चढवले. बोलणं फारसं नव्हतं, पण एकाचा हात पुढे आला की दुसरा हवी ती वस्तू देत होता. पुढचं चाक लहानूनं लावलं, मागचं मुखरूनं. आणि तिथंच लहानूची नजर अडली. मुखरूनं मागचे नट नुसते हातानं फिरवून सोडले होते. पाना बाजूलाच पडला होता.

"भाऊ, नट ढिले हायेत."

"असू दे. माय आली वापस का काढून घीन."

लहानूनं पान्याला हात लावला नाही. स्वतः आवळले तर भाऊ म्हणेल, चाकं बळकावली. आणि भांडण पुन्हा उकरायची त्याची हिंमत नव्हती. तेवढ्यात बायनाबाई काठी टेकत आली आणि कोणाला न विचारता कॅरिअरवर बसली.

"चालव."

लहानूनं सायकल हाती धरून पुढे ढकलली. दोन पावलं गेली नाहीत तोच मागचं चाक एका बाजूला सरकून सांगाड्याला घासलं, सायकल कलली आणि म्हातारी कलंडली. मुखरूनं धावत येऊन तिला पडता पडता धरलं.

बायनाबाईनं पदर सावरला. दोन्ही पोरांकडे नीट पाहिलं.

"पडली असती त बरं झालं असतं," ती म्हणाली. "पाय एकानं नेले असते, धड एकानं."

मुखरूची मान खाली गेली. लहानूला वाटलं, जमिनीनं आपल्याला गिळावं. मग मुखरूनं आईला अलगद बाजेवर बसवलं आणि पाना उचलला.

"चाक मधात धर," तो लहानूला म्हणाला.

लहानूनं दोन्ही हातांनी चाक सांगाड्याच्या मधोमध धरलं. मुखरू पान्यावर ओणवा झाला आणि अंगातला सगळा जोर लावून आवळू लागला.

"बस झालं भाऊ, आता निंगाचा नाई तो."

"निंगूच नाई पाह्यजे," मुखरू म्हणाला आणि डोळे पुसून दुसऱ्या नटाकडे वळला.