हॅरलनने दगा दिला म्हणे

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्हीही माझ्यावर लगेच ठेवू नका. आधी वाकून खालून बघा. वरून सगळेच ट्रक चकाचक असतात, गंज खाली असतो.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. नाकावर ‘हॅरलन’ हे नाव बसवलं गेलं तेव्हा माझी छाती फुगली. आमचं घराणं जुनं. रस्त्यावर घोडे जास्त आणि मोटारी कमी होत्या, तेव्हापासून हॅरलन ओझी वाहत आले आहेत. लढाईवर गेले, धरणांवर राबले. पण त्याच कारखान्यात, त्याच पट्ट्यावर, अगदी माझ्या पुढे आणखी एक ट्रक तयार होत होता. तीच चेसिस, तेच इंजिन, तेच दरवाजे. त्याच्या नाकावर मात्र ‘व्हॅली’ लिहिलं. तो स्वस्त, मी महाग. का, ते मला कुणी सांगितलं नाही. जन्माच्या दिवशीच मला स्वतःचा संशय आला. मी खरंच कुणी आहे, की नुसता नावाचा पत्रा?

मला विकत घेतलं ऑर्लिन ब्रेकेने. मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या एका गावात त्याचा बोअर मारण्याचा आणि पंप दुरुस्त करण्याचा धंदा होता. दुकानात आला तो सरळ माझ्याखाली शिरला. बाहेर बर्फाचा चिखल, अंगात चांगला कोट, आणि हा पाठीवर झोपून माझे सांधे चाचपतोय. दुकानदार वैतागला.

“अहो साहेब, हॅरलन आहे. डोळे झाकून घ्या!”

“डोळे झाकून मी फक्त झोपतो,” ऑर्लिन खालूनच म्हणाला.

त्याच क्षणी हा माणूस मला आवडला. आमच्या दोघांचा स्वभाव एक. गॅरेजवाल्याने ऑइल बदलून दिलं तरी हा घरी येऊन ऑइल मोजायची पट्टी काढून स्वतः बघायचा. पेट्रोल भरलं की काटा पाहायचा, मग टाकीवर बोटाने टकटक करून काटा खरं बोलतो का तेही पाहायचा. सामानाच्या खणात प्रत्येक वायर, प्रत्येक फ्यूज, प्रत्येक पट्टा जोडीने असायचा. आर्डिस, त्याची बायको, म्हणायची, “लग्नाच्या वेळी माझीसुद्धा जोडीची कुठे मिळते का ते विचारलं असेल यानं.” आर्डिस हसली की गाल लाल व्हायचे. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

आमच्याकडे हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. अशा थंडीत एखाद्या गोठ्यातला पंप बंद पडला की शेतकऱ्याची धावपळ उडते. ऐंशी गाई तहानेने हंबरत असतात. मग ऑर्लिनला फोन यायचा. तो संध्याकाळीच माझ्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवायचा, ऊब राहावी म्हणून. सकाळी सेल्फ मारला की मी पहिल्याच फटक्याला उठायचो. एकदाही त्याला ताटकळत ठेवलं नाही. पाणी सुरू झालं की शेतकरी गरम कॉफीचा कप माझ्या बॉनेटवर ठेवून म्हणायचा, “वाईट नाही हो तुमचा ट्रक.” आमच्या भागात याहून मोठी स्तुती कुणी कुणाची करत नाही. लग्नाच्या दिवशी नवरीलाही एवढंच ऐकायला मिळतं.

रस्त्यावर बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात, आणि ते मीठ आमच्या जातीला आतून खातं. कितीतरी ट्रक माझ्या डोळ्यांदेखत सडले. ऑर्लिन मात्र आठवड्याला कोमट पाण्याचा पाइप घेऊन माझ्याखाली बसायचा. मी टिकलो तो घराण्याच्या नावामुळे नव्हे. माझ्यावर कुणीतरी सतत संशय घेत राहिलं म्हणून टिकलो.

आता मिलोबद्दल. मिलो हाऊग म्हणजे शेजारी, ऑर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, आणि माझा वैरी. त्याच्याकडे व्हॅली होता, तोही माझ्याच वयाचा. चाळीस वर्षं या माणसाने मला टोचलं.

“काय लेका ऑर्लिन, नावाच्या पत्र्याला किती मोजलेस? तेवढ्या पैशांत मी बोट घेतली!”

“तुझी बोट गळते.”

“गळते, पण माझी आहे! तुझा ट्रक बंद पडेल ना, त्या दिवशी मी चर्चची घंटा वाजवणार. गावजेवण घालणार.”

“तो लुटेफिस्कचा बुळबुळीत मासा घालू नकोस म्हणजे झालं. लोक आधीच दुःखात असतील.”

दोघे असे भांडत आणि मग एकाच थर्मासातली कॉफी पीत. मला काही ते हसण्यावारी नेता यायचं नाही. माझी खात्री होती, हा मिलो एक दिवस माझ्या जिवावर उठणार.

हिवाळ्यात तळं गोठलं की सगळं गाव ट्रक घेऊन त्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला जातं. इतर लोक सरळ गाडी घालतात. ऑर्लिन काठावर थांबायचा, पहार काढायचा आणि पुढे चालत जाऊन बर्फावर घाव घालायचा. आवाज ऐकायचा. परत यायचा, खिडकी उघडी ठेवायचा, सीटचा पट्टा सोडायचा, म्हणजे खाली गेलो तर बाहेर पडता यावं, आणि मग मला हळूच पुढे न्यायचा. लोक हसायचे. हा म्हणायचा, “बर्फाला माझं नाव माहीत नाही.”

गेल्या वर्षी मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. ऑर्लिनने ऑइलचं झाकण उघडं टाकलं. मग एकदा गावातल्या चौकात आम्ही उभे राहिलो आणि उभेच राहिलो. मागून कुणी हॉर्न मारला नाही, आमच्याकडे मारत नाहीत, पण रांग लागली. ऑर्लिन स्टिअरिंगवर हात ठेवून मला हळूच म्हणाला, “आर्डिसला कुठून तरी आणायचं होतं ना रे?” माझं इंजिन चालू होतं, तरी आतून गार पडलो.

आणि मग मार्चअखेरचा तो दिवस. बर्फ काळपट, म्हणजे आतून पोकळ झालं होतं. बाकी सगळ्यांनी आपापले ट्रक कधीच काठावर आणले होते. ऑर्लिन आला, गळ मागे टाकले, आणि काठावर न थांबता मला सरळ तळ्यात घातलं. पहार मागे तशीच पडून होती. खिडकी बंद. पट्टा लावलेला.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. ट्रकला तोंड नसतं. खाली बर्फ कण्हत होतं आणि हा माणूस शांतपणे गाणं गुणगुणत होता. ज्याने जन्मभर माझ्या प्रत्येक नटावर संशय घेतला, तो त्या दिवशी संशय घ्यायचा विसरला. मला मरणाची भीती वाटली, ती माझ्या नाही, त्याच्या. मग माझं मागचं चाक कडकन खाली गेलं. काठ जवळ होता म्हणून वाचलो. मिलो शिव्या देत धावत आला, ऑर्लिनला दाराबाहेर ओढलं, आणि साखळी बांधून आपल्या व्हॅलीने मला वर खेचलं. वैऱ्याच्या मागे बांधून घेण्याची वेळ माझ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी शहरातून जोलीन आली. ही ऑर्लिनची मुलगी. तिची एसयूव्ही माझ्याच घराण्यातली, हॅरलन, उंच आणि गुबगुबीत. तिच्यात रोज कसला ना कसला दिवा पेटतो आणि बाई गॅरेजात जाऊन बसतात. नव्या पिढीची तब्येत, दुसरं काय. जोलीनने अंगणात, माझ्या शेजारीच, बापापुढे हात पसरला.

“बाबा, किल्ली द्या. हात जोडते तुमच्यापुढे.”

“का? चाक बर्फात गेलं म्हणून? सगळ्यांचं जातं.”

“तुम्ही पहार मारली नव्हतीत.”

“मारली होती!”

“बाबा...”

“हे बघ जोलीन, किल्ली आहे तोवर मी कुठेतरी जाणारा माणूस आहे. ती घेतलीस की मी खिडकीतली कुंडी. पाणी घालत बसा मग.”

जोलीन रडली नाही. तिने ओठ आवळले आणि आत गेली. सरकारी कचेरीत एक फोन केला असता तर लायसन्स गेलं असतं, पण बाप पुन्हा तिचं तोंड पाहता ना.

त्याच दुपारी ऑर्लिन जेवून आडवा झाला असताना मिलो आला. हातात पक्कड. इकडे तिकडे पाहत त्याने माझं बॉनेट उघडलं. त्याला शोधावं लागलंच नाही. त्याचा ट्रक आणि मी आतून सारखे, अंधारातही हात बरोबर गेला असता. ठिणगी देणारी कॉइलची वायर त्याने उपटली आणि खिशात घातली. रुमालाने बॉनेटवरचे बोटांचे ठसे पुसले, ही त्याची जुनी खोड. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत जोलीन उभी होती. सगळं पाहत होती. तिने त्याला अडवलं नाही.

झालं, मी म्हटलं. पोटच्या पोरीने शेजाऱ्याशी संगनमत केलं. मी मनातल्या मनात त्या दोघांना काय काय बोललो ते मुलांपुढे सांगण्यासारखं नाही.

ऑर्लिन उठला. टोपी घालून आला. सेल्फ मारला. स्टार्टर फिरला, इंजिन फिरलं, पण ठिणगीच नाही. पुन्हा मारला. पुन्हा. बॅटरी धापा टाकू लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या हाकेला ओ दिली नाही. त्याने डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाला, “तू पण?” मित्रांनो, मीठ मला खाऊ शकलं नाही, पण त्या दोन शब्दांनी खाल्लं.

आवाज ऐकून मिलो कुंपणापाशी आला.

“चालू होत नाही,” ऑर्लिन म्हणाला.

“अं. हो का.” मिलो बुटाने बर्फ उकरत राहिला. “जुनं झालं की व्हायचंच. चांगला ट्रक होता.”

ऑर्लिनने मान वर केली. “काय म्हणालास?”

“म्हटलं, चांगला होता. उद्या तुला कुठे जायचं असेल तर मी आहेच.”

मिलो गेला. ऑर्लिन त्याच्या पाठीकडे पाहत राहिला, आणि मी पाहिलं, त्याचे डोळे बारीक झाले होते. किती महिन्यांनी ते तसे झाले! चाळीस वर्षं ज्याने या दिवसाची वाट पाहिली, त्याने घंटा वाजवली नाही. गावजेवणाचं नाव काढलं नाही. साधं हसलाही नाही. ऑर्लिन पुटपुटला, “हा गप्प का बसला?”

त्याने बॉनेट उघडलं. वाकला. कॉइलच्या रिकाम्या तोंडावर बोट ठेवलं.

“उंदराने खाल्ली असती तर तुकडे असते,” तो मला म्हणाला. “आणि उंदीर मागाहून पुसून जात नाहीत.”

मग तो सामानाच्या खणाकडे गेला. जोडीची वायर तिथे होती, कोरी, कागदात गुंडाळलेली. ती घेऊन तो माझ्या बंपरवर बसला. एका मिनिटाचं काम. लावली की मी पहिल्या फटक्याला उठलो असतो, आणि त्या दोघांची फजिती अख्ख्या गावाने पाहिली असती. मी वाट पाहत होतो. माझी अब्रू त्याच्या हातात होती.

त्याने वायरीचा कागद सोडला. “काल मी पहार मारली होती का रे?” त्याने विचारलं. मी काय सांगणार? “मला वाटतं मारली. पण मला तसं नुसतं वाटतंय. आणि नुसतं वाटतंय म्हणून मी आयुष्यात कधी बर्फावर गेलो नाही.”

त्याने वायर पुन्हा कागदात गुंडाळली. खणात ठेवली. बॉनेट लावलं, वर तळवा टेकवून जरा उभा राहिला. “तुझ्यात काही बिघाड नाही,” तो इतक्या हळू बोलला की मलाच ऐकू यावं. मग घराकडे वळून खणखणीत आवाजात ओरडला, “जोलीन! गेला हा! ऐन वेळी दगा दिला मेल्याने. घे ही किल्ली, अडकव कुठेतरी!”

आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बहुधा कप.

आता मी शेडमध्ये असतो. ऑर्लिन मिलोच्या व्हॅलीत बसून कॉफीला, चर्चला, डॉक्टरकडे जातो. जाता-येता त्याच्या ट्रकला नावं ठेवतो. सीट टोचते, हीटर खोकतो. मिलो म्हणतो, “उतर मग, चालत ये!” ऑर्लिनला सगळं कळलं आहे हे मिलोला कळलं आहे का? मला दाट संशय आहे. जोलीनबद्दलही आहे. पण तिघांपैकी कुणीच बोलत नाही, आणि पहिल्यांदाच मला वाटतं, काही झाकणं न उघडलेली बरी.

रविवारी ऑर्लिन येतो, माझ्या ऑइलची पट्टी काढतो, पुसतो, बघतो, परत घालतो. कधी आठवड्यात दोनदा येतो, कारण आधी येऊन गेल्याचं त्याला आठवत नसतं. मी काही म्हणत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही कधी आमच्या गावात आलात आणि कॉफीच्या टेबलावर एक म्हातारा तुम्हाला सांगू लागला, “हॅरलन कधी घेऊ नका हो, माझ्याने ऐन वेळी दगा दिला,” तर माझी बाजू घेऊ नका. त्याला काही समजावू नका. मान हलवा आणि म्हणा, “हो का? वाईट झालं.” त्याच्याकडे नीट बघून म्हणा, म्हणजे त्याला ते खरं वाटेल. मी इथे शेडमध्ये ठणठणीत आहे.