दोऱ्याचं घरटं आणि गाळलेली ओळ

ये, बस. त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो. गेली सहा वर्षं मी तो उद्या दुरुस्त करणार आहे. आणि मशीन टेबलावर ठेवू नकोस अजून, मांडीवरच धर. जड आहे, माहितीये मला. टेबलावर का नको ते सांगतो, पण त्यासाठी तुला एक गोष्ट ऐकावी लागेल. ऐकून झाली की तूच मला समजावून सांग, कारण माझ्यासोबत घडली तरी तिच्यातलं अर्धं मला अजून कळलेलं नाही.

तू म्हणतेस, फोनवर आमचं पान वाचलंस, त्यात लिहिलंय तसं केलंस, आणि तरी शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं होतंय. बरं. त्याच घरट्याची गोष्ट आहे.

शिलाई मशीन दुरुस्तीचं हे काम मी शिकलो वस्तादाकडे. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पाचवीत मास्तरांचा आणि माझा एकमेकांवरचा विश्वास उडाला. वस्तादाकडे आम्ही दोघं होतो, मी आणि चिमटा. त्याचं नाव वेगळं होतं, पण पोरगा जेवतानासुद्धा कानावर चिमटा अडकवून बसायचा, म्हणून चिमटा. तर वस्तादाचा एक नियम होता. गिऱ्हाईक समोर असलं की मशीन उघडताना त्याच्याकडे पाठ करायची. तोंडाने गप्पा मारायच्या, हात दिसू द्यायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो रोज म्हणायचा आणि रोज मूठ झाकून दाखवायचा.

मुठीत काय होतं, ते आता तुला सांगतो. दुकानात येणाऱ्या दहातल्या सहा मशीनची तक्रार एकच, खाली घरटं होतंय. आणि त्या सहातल्या पाचांना काहीही झालेलं नसायचं. सुईखाली कापड दाबणारा पाय असतो ना, तो वर न उचलता दोरा ओवलेला असायचा. पाय खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात. दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, नुसता वरून घसरतो. पाय उचलायचा, दोरा काढून पुन्हा ओवायचा, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही पाठ फिरवून ते करायचो, मग उगाच चार स्क्रू खोलायचो, बसवायचो, तेलाचे दोन थेंब सोडायचो आणि संध्याकाळी या म्हणायचो. या एका पायावर वस्तादाचं घर चाललं, नंतर माझं चाललं. हसू नकोस. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

पण हळूहळू माणसं यायची थांबली. दुकान तेच, पाटी तीच, माझं डोकं तेच. दिवसाला एक मशीन, कधी तेही नाही. मी रिकाम्या टेबलाला तेल द्यायला लागलो. तेव्हा आमच्या घरच्या बाईने निकाल लावला. बाहेर बाकावर बसलीय ना, तीच. ती म्हणाली, आता आपण मुलाकडे राहायला जाऊ, दुकान सोडून द्या. तिचं चूक नाही, तिचे गुडघे गेलेत, मुलाचं घर तळमजल्यावर आहे. पण मी तिकडे काय करू? सुनेच्या घरातल्या बिजागऱ्यांना तेल देत फिरू? मी अडून बसलो, ती अडून बसली. शेवटी तिने अट घातली. वर्ष संपायच्या आत एका आठवड्यात सलग सहा दिवस, रोज तीन मशीन या टेबलावर आली, तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर मी मुकाट्याने कुलूप लावायचं. मोजणार ती. खडूने.

आता आमची धाकटी. तिचं कामच हे आहे. लोकांच्या दुकानांसाठी नेटवर पानं लिहायची आणि ती शोधात वर आणायची. लहानपणी हिला एक पान लिही म्हटलं तर पोटात दुखायचं, आता त्याचाच पगार घेते. ती सुट्टी काढून आली, फोनवर "शिलाई मशीन दुरुस्ती" असं शोधलं आणि बोट सरकवत बसली. सरकवत बसली, सरकवत बसली. आमच्या दुकानाचं नाव शोधाच्या चौथ्या पानावर होतं. मी म्हटलं, आहोत ना मग. ती म्हणाली, बाबा, चौथ्या पानावर कोणीही जात नाही, तिथे माणूस पुरला तरी पत्ता लागणार नाही.

मग तिने मला समजावलं. दुसऱ्याच्या पानावरून आपल्या पानाकडे वाट यायला हवी, तिला लिंक म्हणायचं. ज्याच्याकडे अशा वाटा जास्त, तो वर. मला वाटलं समजलं. पूर्वी नाही का, शिंपी सांगायचे, जा त्या म्हाताऱ्याकडे. तसंच हे.

इथे मी पहिली माती खाल्ली. दोन दिवसांनी कोणाचा तरी फोन आला, काका, दोनशे लिंक देतो, आठवड्यात. आता दोनशे शिंपी एकदम नाव सांगणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? धाकटीला न विचारता मी हो म्हणून टाकलं. दोनशे आल्यासुद्धा. एक दात काढणाऱ्याकडून, एक बुटांच्या दुकानातून, एक टक्कल घालवणाऱ्याकडून. आणि आम्ही चौथ्या पानावरून सहाव्यावर गेलो. मी विचारलं, दोनशे जणांनी नाव सांगितलं तर माणूस खाली कसा जातो? धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली, ते दोनशे जण कोण आहेत ते बघून. टक्कल घालवणारा मशीनबद्दल बोलला तर तुम्ही ऐकाल का? यात तथ्य होतं. पण मशीन मोडलेल्या माणसाला टक्कल असू शकतं, हे मला अजूनही वाटतं. तिने आठवडाभर बसून सगळ्यांना लिहिलं, आमचं नाव काढा म्हणून.

मग म्हणाली, आता खरं काम करू. लोक शोधतात काय, तर "खाली घरटं का होतं". त्याचं असं उत्तर लिहायचं की मशीनचं काम जाणणारी माणसं आपणहून म्हणतील, हे वाचा. काही हातचं राखून ठेवायचं नाही. मी विचारलं, सगळं सांगितलं तर लोक घरीच करतील, माझ्याकडे का येतील? ती म्हणाली, येतील. कसं ते विचारलं, तर तिने बराच वेळ सांगितलं. मी मान हलवली. तेवढंच जमलं.

तीन दुपारी मी सांगत होतो आणि ती लिहीत होती. सुई उलटी बसली का बघा. सुई वाकडी तर नाही ना. खालच्या दोऱ्याची बॉबिन कुठल्या दिशेने फिरते. शटलखालचा कचरा कसा काढायचा, तेल कुठे आणि किती. माझ्या हातांचे फोटो काढले. जन्मात कोणी माझ्या हातांचे फोटो काढले नव्हते, मी नखं घासून आलो. पान सुरेख झालं. फक्त एक ओळ मी सांगितली नाही. कुठली, ते तुला कळलंच. ठरवून गाळली असंही नाही, पोरी. ती ओळ आली की जीभ आपोआप पाठ फिरवायची.

पान नेटवर लागलं. पंधरा दिवस काही नाही. दोघातिघांचे फोन आले, सगळं केलं, घरटं होतंच आहे. मी मनात म्हटलं, होणारच, आणा इकडे. पण आणलं कोणीच नाही. आणि एक दिवस धाकटीचा कामावरून फोन. बाबा, आपण पहिल्या पानावर आलोय, तिसरे. आवाज मात्र आनंदाचा नव्हता. संध्याकाळी आली ती फोन समोर धरूनच. म्हणाली, एका माणसाने आपल्या पानाची लिंक दिलीय. मशीनचं काम शिकवणारा मोठा माणूस आहे, शिंपी, कारखान्यातले मेकॅनिक, शिकवणारे मास्तर, सगळे त्याचं वाचतात. त्याने काय लिहिलंय ते ऐका.

आणि तिने वाचलं. "या पानावर सगळं बरोबर आहे. हा माणूस कोणाकडे शिकला ते मला शब्दांवरून कळतं. पण मुख्य गोष्ट त्याने गाळलीय. दोरा ओवताना पाय वर उचला. ही गोष्ट मी एकदा एका बाईला सांगितली, म्हणून मला कामावरून काढलं होतं. ज्याने चुगली केली, तो अजून तीच मूठ झाकून बसलाय."

चिमटा.

खरं आहे ते. एक बाई रोज तेच मशीन घेऊन यायची, कडेवर पोर, चालत. चिमट्याला दया आली, त्याने तिला दाखवलं. मी वस्तादाला सांगितलं. चांगलं म्हणवून घ्यायला, दुसरं काय. त्याच दुपारी चिमटा कानावरचा चिमटा काढून टेबलावर ठेवून गेला. तो चिमटा अजून माझ्याकडे आहे, हा बघ.

मी धाकटीला पहिलं काय विचारलं असेल? म्हटलं, म्हणजे त्याने शिव्या घातल्या म्हणून आपण वर आलो? ती म्हणाली, हो, साधारण तसंच, शिव्या की कौतुक यापेक्षा कोण बोलतोय ते जास्त धरतात. दोनशे जणांनी चांगलं म्हटलं, तर खाली. एकाने चारचौघांत नाक कापलं, तर वर. मला काही कळेना. तिला त्याचं पडलं नव्हतं. तिने एकच विचारलं.

"बाबा, ती ओळ तुम्ही मुद्दाम सोडली होती?"

मी उठलो, त्या भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, लिही. पाय वर उचला. मग दोरा ओवा. तिने लिहिलं. मला म्हणाली, आता इकडे वळा. वळायला मला वेळ लागला.

ती ओळ पानात गेली. तीन दिवसांनी चिमट्याने आपलं लिहिणं बदललं. पूर्वीचं सगळं काढून फक्त एवढंच ठेवलं, "आता पूर्ण आहे, हे वाचा." फोन नाही, काही नाही. मीही केला नाही. नंबर आहे त्याच्या पानावर, रोज बघतो.

मग दुकानात फोन यायला लागले. काका, जमलं. काका, घरटं गेलं. एका आजीने तर आशीर्वाद दिले. आणि मशीन? अकरा दिवस एकही नाही. बायको बाकावर खडू घेऊन बसलेली, खडू नवाच्या नवा. मी धाकटीला म्हटलं, बघ, लोक घरीच करतायत, मी म्हटलंच होतं. ती म्हणाली, थांबा.

बाराव्या दिवशी एक जण आला. मोटार जळलेलं मशीन, दोन वस्त्या ओलांडून आणलेलं. मी म्हटलं, जवळ दुसरं दुकान नव्हतं का? तो म्हणाला, होतं, पण तुम्ही ती पायाची गोष्ट फुकट सांगितलीत, म्हणजे या मोटारीचंही खोटं सांगणार नाही. मी चाळीस वर्षं तीच गोष्ट लपवून भरवसा कमावत होतो, आणि ती सांगून टाकल्यावर हा म्हणतो भरवसा वाटला. याचं काय करायचं? त्याच्यामागून आणखी आली. शटल तुटलेली, गिअर झिजलेले, खरंच मोडलेली मशीन. वीसवीस वर्षांत न पाहिलेले बिघाड. हात दुखायला लागले माझे. घरट्यासाठी मात्र कोणी येत नाही. तू पहिलीच.

आज वर्षाचा शेवटचा शनिवार आहे. सोमवारपासून रोज तीन झालीत, दारावर रेघा बघ, पाच ठिकाणी तीनतीन. आज दोन. तासाभरात दुकान बंद होईल. आणि तू आलीस. टेबलावर मशीन ठेवलं की तिसरी रेघ. मी पाठ फिरवली, अर्ध्या मिनिटात काम केलं, चार स्क्रू फिरवले, की मी सुटलो. कोणाला कळणार आहे?

म्हणून म्हटलं, मांडीवर धर.

पान वाचलंस ना, मग ती ओळ राहिली कशी? धाकटी म्हणते, लोक वरचं वाचतात आणि खाली सरकत नाहीत. तसं असेल तर ती ओळ सगळ्यात वर घ्यायला सांगतो. की मी ती लिहिलीय अशी, की वाचूनही कळत नाही? मला ते कळायला हवं. चिमटा वाचत असेल अजून.

तर आता असं कर. ठेव मशीन टेबलावर. मी या बाजूला उभा राहतो, तुझ्याकडे तोंड करून, हात खिशात. तो दोरा काढून टाक. मागची दांडी उचल, पाय वर जाईल. आता ओव. तूच ओव, मी हात लावणार नाही. आणि घरटं गेलं, तर मशीन घेऊन जाताना बाहेर बाकावर बसलीय तिला हे सगळं जसं झालं तसं सांग, आणि ही तिसरी धरायची की नाही, ते तिला विचार. मला विचारायचा धीर होत नाही.